माशाचे काळीज

मराठी भाषेचे शरीरशास्त्र मोठे मौजेचे आहे. काळीज म्हणजे नेमका कोणता अवयव, हे तिने आजवर नक्की ठरवलेले नाही. भीतीने ते धस्स होते, दुःखाने त्याला घरे पडतात, लेकराला तर आपण त्याचा तुकडाच म्हणतो. एखाद्या कवीला काळीज दाखवा म्हटले, तर तो छातीच्या डाव्या बाजूला हात नेईल. पण हीच मागणी मटणाच्या दुकानात करून पाहा! दुकानदार तराजूत टाकील ते पोटाच्या उजव्या अंगाचे, तांबूस तपकिरी रंगाचे यकृत. या वादात अलीकडे मी दुकानदाराच्या बाजूला गेलो आहे. कारण असे, की तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने आपल्या काळजाचा तुकडा वडिलांना दिला, आणि तो देताना सर्जननी त्याचे वजन करून घेतले होते.

वडील म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारा जन्म हिशेबखात्यात गेला. गळ्यात तुळशीची माळ, वर्षातून एकदा पंढरपूर. मद्याची गोष्ट दूरच राहो, चातुर्मासात कांद्यालाही त्यांच्या घरात थारा नाही. अशा माणसाला सिऱ्होसिस झाला. यकृत आणि बाटली यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की, "काही म्हणा, त्यांच्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं हो!" हे वाक्य ताईला जिन्यात तीनदा ऐकावे लागले. वस्तुतः दाजींचे यकृत बिघडवले ते मधुमेहाने आणि आत साठत गेलेल्या चरबीने. या दुखण्याच्या जुन्या नावात 'मद्याशिवायचे' असा शब्द होता. म्हणजे निर्दोष ठरवतानाही आरोपाचा उच्चार व्हायचाच. २०२३ साली जगभरच्या वैद्यांनी ते नाव बदलले. नवे नाव आमच्या जिन्यापर्यंत पोचायला मात्र अजून अवकाश आहे.

डॉक्टरांनी सांगितले, यकृत बदलावे लागेल. मृत दात्याची वाट पाहणाऱ्यांची यादी लांब होती आणि दाजींजवळ वेळ थोडा होता. जिवंत माणसाने आपल्या यकृताचा भाग द्यायचा, तर १९९४ चा कायदा जवळच्या नात्यांना वाट मोकळी ठेवतो: आईवडील, मुले, भावंडे, नवराबायको, २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडेही त्यात आली. मेहुणा त्यात बसत नाही, त्याला समितीपुढे जावे लागते. आणि मी तर साठी ओलांडलेला. ताईचा रक्तगट जुळेना. राहिली मधुरा. वय सत्तावीस, प्रकृती ठणठणीत, आणि स्वभाव वडिलांचाच, म्हणजे एकदा ठरवले की ठरवले. "मी देते," ती म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला उठली.

दाजी आठ दिवस ऐकेनात. "पोरीचं अजून लग्न व्हायचंय. तिच्या पोटावर सुरी फिरवून मी जगू?" मी त्यांना सांगितले की भारतात यशस्वी झालेले पहिले यकृतरोपण याच वाटेने झाले. १९९८ साली दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, आणि तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. दाजींनी शांतपणे उत्तर दिले, "तिथं बापानं मुलाला दिलं. नदी खालीच वाहते. तुम्ही मला उलटी वाहायला सांगताय." यावर काय बोलणार?

पण त्यांच्या मनातला खरा प्रश्न निराळा होता, आणि तो हिशेबनिसाचा होता. सर्जन म्हणाले होते, "साठ टक्के भाग काढू, राहिलेला वाढून भरून येतो." दाजींना हे वाक्य पटेना. जे खर्ची पडले ते आपोआप जमेला येते, असा एकही व्यवहार त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. "भरून येतं म्हणजे किती? किती दिवसांत? आणि कोणाच्या सांगण्यावरून?" त्यांनी मला विचारले. "तुम्ही वाचणारे आहात. शोधून काढा. मग बघू."

अशा रीतीने, आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेला मी, यकृताच्या मागे लागलो.

ग्रीक लोकांच्या पुराणात प्रॉमिथियसची कथा आहे. गरुडाने रोज त्याचे यकृत खावे आणि रात्रीतून ते पुन्हा वाढावे. ही गोष्ट यकृतावरच्या बहुतेक लेखांच्या आरंभी असते. जुन्या ग्रीकांना यकृताचा हा गुण ठाऊक होता, असे त्यावरून पुष्कळजण म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. त्यांना रोज चालणारी शिक्षा हवी होती, इतकेच. नीट मोजमाप झाले ते १९३१ साली. हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढला आणि पुढे रोज काय होते ते पाहिले. सात ते दहा दिवसांत यकृत जवळजवळ पूर्ववत वजनाचे झाले. दाजींच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इथे निदान उंदरापुरती मिळाली. तिसऱ्याचे काय? पेशींना वाढ म्हणून सांगते कोण?

याचा पहिला सुगावा ज्या प्रयोगातून लागला, तो वाचून मी पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. दोन उंदीर शिवून एकमेकांना जोडायचे, म्हणजे त्यांचे रक्त एकमेकांत मिसळते. मग त्यातल्या एकाचे यकृत कापायचे. नॅन्सी बुचर या अमेरिकन संशोधिकेने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात असे दिसले की, ज्याला हात लावलेला नाही त्या दुसऱ्या उंदराच्या धडधाकट यकृतातल्या पेशीही दुभागू लागतात. कापले एकाचे आणि कामाला लागले दुसऱ्याचे! तेव्हा वाढीचा निरोप रक्तातून जातो, हे उघड झाले.

निरोप्याला पकडायला मात्र पुढे तीस-एक वर्षे गेली. असे निरोपे शरीरात असतात याची खात्री पटवली ती रीटा लेव्ही-माँतालचिनी या इटालियन बाईने. मुसोलिनीच्या ज्यूविरोधी कायद्यांनी विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा तिने तूरीन गावी स्वतःच्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली. पुढे अमेरिकेत तिने आणि स्टॅन्ली कोहेन यांनी मज्जापेशींना वाढवणारे द्रव्य शोधले. कोहेनना त्याच ओघात दुसरे एक द्रव्य सापडले, जे कातडीच्या पेशी वाढवते आणि यकृताच्या वाढीलाही हातभार लावते. १९८६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. अशा द्रव्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, मराठीत वृद्धिघटक. ही प्रथिने असतात. एका पेशीने सोडायची आणि दुसरीने आपल्या अंगावरच्या ठरावीक खुंटीवर अडकवून घ्यायची. ती अडकली की आतल्या कारखान्यात भोंगा होतो. यकृताचा खास वृद्धिघटक १९८४ साली जपानात नाकामुरा यांच्या हाती लागला.

हे सारे मी दाजींना सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "उंदरांचं झालं. हे प्रत्यक्ष घडताना कोणी पाहिलंय का?"

इथे मासा आला.

मधुराची एक मैत्रीण पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते. तिच्याकडे एका शनिवारी आम्ही मामा-भाची गेलो. काचेच्या छोट्या छोट्या टाक्या, फडताळात पुस्तके लावावीत तशा ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकीत दीड पेराएवढे, निळ्या आडव्या पट्ट्यांचे मासे. झेब्रा मासा त्याचे नाव. क्रॉफर्ड मार्केटात पिशवीत पाणी भरून मुलांना विकतात, तोच. हा प्राणी अस्सल आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्याने कोसी नदीतल्या या माशाचे वर्णन केले आहे. पुढे तो विलायतेतल्या दिवाणखान्यांत शोभेसाठी गेला, तिथून अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या प्रयोगशाळेत शिरला, आणि त्यांचा १९८१ चा निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याचे नाव झाले. आज हैदराबाद, मुंबई, पुणे येथे त्याच्यावर संशोधन चालते. भातखाचरातला मुलगा परदेशी जाऊन मान मिळवून यावा आणि मग गावाने त्याला ओळखावे, त्यातलाच हा प्रकार.

त्याला एवढा मान का? एक तर त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. मैत्रिणीने मला सूक्ष्मदर्शकातून एक दाखवले. टाचणीच्या डोक्याएवढ्या हृदयाची उघडझाप दिसत होती आणि त्यातून रक्ताचे कण धावत होते. यकृताच्या पेशी प्रकाशाने चमकतील अशी जातही त्यांनी तयार केली आहे. दुसरे म्हणजे, माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो. ते २०१३ साली मोजून झाले. पाठीच्या मणक्यापासून यकृतापर्यंत त्याची आणि आपली मूळ मांडणी एकच.

आता शस्त्रक्रिया. माशाच्या यकृताचे तीन खंड असतात, दोन कुशींचे आणि एक पोटाकडचा. भूल घातलेल्या पाण्यात मासा गुंगतो. मग पोटाला बारीक छेद देऊन तो तिसरा खंड काढतात आणि माशाला स्वच्छ पाण्यात सोडतात. काही मिनिटांचे काम. थोड्या वेळात मासा पोहू लागतो. आठवडाभरात यकृताचे वजन पूर्ववत होते. पण यात एक गोष्ट अशी आहे, जी ऐकताना मधुरा खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही! झाडाची फांदी तोडल्यावर धुमारा फुटतो, तसे इथे काही होत नाही. राहिलेले दोन खंड फुगून मोठे होतात आणि तिघांचे काम दोघे करू लागतात. उंदरातही तसेच, माणसातही तसेच.

"म्हणजे माझी उजवी बाजू परत यायची नाही तर," मधुरा म्हणाली.

"नाही. डावी मोठी होईल."

हे तिला कोणीच अशा शब्दांत सांगितले नव्हते. 'भरून येते' म्हणतात सगळे, आणि ऐकणाऱ्याला वाटते, जखमेच्या जागी तेच पुन्हा येणार. डॉक्टरमंडळींनी हा शब्द जरा जपून वापरावा, असे माझे मत आहे.

मैत्रिणीने मग वृद्धिघटकांचे सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात संशोधकांनी असे मासे घेतले, ज्यांच्यात पाणी काही काळ तापवले की ठरावीक निरोपाची वाट बंद होते. एका जातीत एफ. जी. एफ. नावाच्या वृद्धिघटकाची, दुसरीत बी. एम. पी. नावाच्या. यकृत कापले, पाणी तापवले, आणि वाढ रखडली. कुठलाही एक निरोप अडवला तरी चालत नाही, दोन्ही हवेत. आता यातली गंमत पाहा. एफ. जी. एफ. हे नाव पडले ते शरीराचे धागे विणणाऱ्या पेशींवरून, आणि बी. एम. पी. हे तर हाडे घडवणारे म्हणून नाव मिळवलेले प्रथिन! त्याची हाडाची करामत मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवली होती. नेमणूक बांधकाम खात्यात आणि काम करतो आहे दवाखान्यात. उलट यकृताचा म्हणून नावाजलेला वृद्धिघटक शरीरात इतर ठिकाणीही राबत असतो. नाव ज्याने आधी पाहिले त्याने ठेवले. निसर्गाला त्याची काय तमा?

आणखी एक प्रयोग तिने सांगितला, त्याने मी चकित झालो. आमांशावर घराघरांतून घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या तुम्हाला ठाऊक असतीलच. काही माशांच्या यकृतपेशींत असे एक विकर घातलेले असते की, पाण्यात हे औषध टाकले म्हणजे त्याच पेशींत त्याचे विष होते. जवळजवळ सगळ्या यकृतपेशी मरतात. मग वाढायचे कोणी? २०१४ साली दोन निरनिराळ्या गटांनी दाखवले की, अशा वेळी पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या पेशी आपले काम सोडतात, रूप बदलतात आणि यकृतपेशी होतात. घरातला कर्ता गेल्यावर शाळेतल्या मास्तरने दुकान सांभाळायला बसावे, तसे.

मी न राहवून विचारले, "मग हे निरोपे बाटलीत भरून दाजींना का देत नाहीत? कापाकापी कशाला?"

ती हसली नाही. तिने दोन कारणे दिली. दाजींच्या यकृतात वर्षानुवर्षे व्रणाच्या गाठी आणि पट्टे तयार झाले होते. तिथे निरोप पोचला तरी वाढायला धड जागा नाही. आणि दुसरे अधिक गंभीर. यकृताच्या वृद्धिघटकाला अडकवून घेणारी पेशीवरची जी खुंटी, तिचे जनुक प्रथम हाती लागले ते कर्करोगाचा शोध घेताना. वाढ म्हणणारा निरोप आंधळा असतो. म्हणून यकृताची खरी करामत वाढण्याइतकीच थांबण्यातही आहे. पेशी दुभागणे रोखणारेही घटक आहेत. पण एवढे पुरे, हे नेमके कसे ठरते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. १९९२ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे बबून माकडाचे यकृत एका माणसाला बसवले होते. तो रोगी सत्तर दिवसांनी वारला, पण तेवढ्या काळात ते यकृत वाढून माणसाच्या मापाचे झाले होते. कोणत्या शरीरात आहोत हे त्याला कळले! टॉनिकच्या बाटल्यांवर यकृताचे चित्र छापणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

निघताना मधुराने विचारले, "आठवड्यानं वजन पूर्ववत होतं म्हणालीस. ते मोजता कसं?"

मैत्रीण क्षणभर थांबली. "मासा मारून," ती म्हणाली. "यकृत काढून तोलावं लागतं. दुसरा मार्ग नाही अजून."

परतीच्या गाडीत मधुरा खिडकीला डोके टेकून बसली होती. वडा आला, तिने घेतला नाही. खंडाळ्याच्या पुढे एकदाच बोलली. "बरं झालं मामा, मला मोजायला स्कॅन आहे."

दाजींना मी सगळे सांगितले. माळकरी माणसाला माशाची साक्ष कितपत चालेल, याची मला धास्ती होती. कापलेला भाग उगवत नाही, उरलेला वाढतो, हे मी लपवले नाही. दात्याच्या जिवाला धोका थोडा असतो पण शून्य नसतो, हेही सांगितले. ते बराच वेळ माळेचे मणी फिरवत बसले. मग मधुराला हाक मारून म्हणाले, "तुला हे सगळं ठाऊक आहे?"

"त्या माशांना कोणी विचारलं नव्हतं, बाबा. मला विचारलंय, आणि मी हो म्हटलंय."

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल फारसे लिहीत नाही. पहाटे सहाला तिला आत नेले, दाजींना त्यानंतर. अंधार पडेपर्यंत ताई आणि मी बाकावर बसून होतो. ताईने हरिपाठ किती वेळा म्हटला, ते मोजले नाही. मधुरा आठव्या दिवशी घरी आली. दाजींना महिना लागला. पुढले तीन महिने तिला पायऱ्या चढताना धाप लागे, आणि 'आता कसं वाटतं' असे विचारणाऱ्यांचा तिला मनस्वी कंटाळा आला.

तीन महिन्यांनी दोघांचे स्कॅन झाले. मधुराच्या फिल्मवर उजवी बाजू ओकीबोकी होती आणि डावी चांगली ऐसपैस फुगून मध्यापर्यंत आली होती. पूर्वीचा आकार नाही, पण माप जवळजवळ पूर्वीचे. दाजींना मिळालेला तुकडाही वाढून पूर्ण यकृत होऊन बसला होता.

संध्याकाळी दाजींनी जुनी हिशेबाची वही काढली. शस्त्रक्रियेपूर्वीचे मधुराच्या यकृताचे माप एका बाजूला लिहिले, बाराशेच्या आतले. दुसऱ्या बाजूला आजची दोन मापे लिहून बेरीज केली. ती दोन हजारांच्या वर गेली. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बेरीज केली. तीच आली.

"ताळा जुळत नाही," ते मला म्हणाले. "निघालं एक, आणि झाली दोन. मधलं आलं कुठून?"

मी वृद्धिघटकांचे पुन्हा सांगू लागलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "कुठून म्हणजे काय? तीन महिने दोघांना जेवायला कोण घालतंय?"